कॉम्प्युटर कोणाच्या तासाला?

माध्यमिक शाळेत कुठल्या विषयाला किती मान आहे हे जाणून घ्यायचं असेल, तर वेळापत्रक बघावं. गणित आणि इंग्रजी पहिल्या दोन तासांना, पोरांची डोकी ताजी असताना. विज्ञान त्यांच्या मागोमाग. मराठी जेवणाच्या सुट्टीनंतर, वर्ग पेंगायला लागतो तेव्हा (हे मी मराठीचा शिक्षक म्हणून जरा चिडूनच लिहितोय). आणि संगणक शनिवारी, शेवटच्या तासाला. त्यातला अर्धा तास कवायत लांबल्यामुळे जातो, उरलेल्यात शिपाईमामा चावी शोधतात.

आमची शाळा जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात. वर्गाच्या उत्तरेकडच्या खिडकीतून सातपुडा दिसतो, दक्षिणेला तापी, मधल्या पट्ट्यात केळी आणि कपाशी. एकाच बाकावर घरी अहिराणी बोलणारा पोरगा, गुजर नाहीतर लेवा घरातली मुलगी आणि डोंगराकडून वसतिगृहात आलेला पावरा आदिवासी मुलगा अशी तिघं बसलेली असतात. तिघांच्याही घरी आता मोबाईल आहे. कॉम्प्युटर मात्र तिघांनी पहिल्यांदा पाहिला तो शाळेत.

शाळेतल्या कॉम्प्युटरची गोष्ट तशी जुनी आहे. केंद्र सरकारनं १९८४ साली ‘क्लास’ नावाचा प्रकल्प काढून निवडक शाळांना बीबीसी मायक्रो ही यंत्रं दिली, तेव्हा आमच्या गावात टीव्हीसुद्धा मोजक्याच घरांत होता. खेड्यातल्या शाळांपर्यंत कॉम्प्युटर आला तो २००४ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या ‘आयसीटी अ‍ॅट स्कूल’ योजनेच्या मागोमाग. पद्धत अशी, की कंपनी लॅब उभारणार, पाच वर्षं चालवणार, तिचाच निदेशक शिकवणार आणि मुदत संपली की सगळं शाळेच्या हवाली करणार. लॅब आली. खिडक्यांना पडदे लागले, दारात चपलांचा ढीग पडू लागला, प्रत्येक मॉनिटरला शिंप्याकडून शिवून आणलेलं कापडी कव्हर चढलं. ते भारनियमनाचे दिवस होते. दिवसातले कित्येक तास वीज नसायची, आणि ती असण्याची वेळ व लॅबच्या तासाची वेळ यांचं कधी जमलं नाही. “सर, लाईट गयी!” ही आरोळी त्या लॅबमध्ये जितक्या वेळा उठली, तितक्या वेळा एखादी फाईल सेव्ह झाली असेल की नाही याची शंका आहे. वर्षातून एकदा मात्र लॅब न चुकता उघडायची. खंडेनवमीला सगळ्या कीबोर्डांना हळद-कुंकू लागायचं, सीपीयूवर झेंडूची फुलं पडायची.

पाच वर्षं झाली, कंत्राट संपलं, निदेशक गेला. यंत्रं शाळेची झाली, म्हणजे कोणाचीच राहिली नाहीत. एक बंद पडलं की त्याची रॅम काढून दुसऱ्याला लावायची, असं करत निम्मी लॅब उरलेल्या निम्म्या लॅबनं खाल्ली.

आमच्याच जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटणला, इसवी सन १२०७ च्या सुमाराचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथं मठ काढला, त्याची ती नोंद. शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि त्यात काय आहे, तर गावच्या बाजारात येणाऱ्या मालावरचा राजाचा वाटा मठाला दिल्याची तरतूद. गणिताची शाळा काढायची तर ती वर्षानुवर्षं चालणार कशावर, हे त्यांनी दगडात कोरून ठेवलं. आपण पाच वर्षांचा करार केला.

निदेशक होता तेव्हा शिकवणं कसं चालायचं, तेही सांगायला हवं. मुलं वहीत लिहून घ्यायची. संगणकाचे भाग किती? इनपुट साधनांची तीन नावं लिहा. सीपीयूचं पूर्ण रूप सांगा. वहीत मॉनिटरचं चित्र पट्टीनं काढून त्याला बाण दाखवायचे. चाचणीत या प्रश्नांना पैकीच्या पैकी मार्क घेणाऱ्या मुलीला मी एकदा तिच्याच सहलीचं वर्णन टाइप करायला बसवलं, तर दोन शब्दांत जागा कशी सोडायची हेच तिला माहीत नव्हतं. दोष तिचा नाही, आणि एकट्या निदेशकाचाही नाही. त्या तासाला करायला काही काम नव्हतं. कॉम्प्युटर कशासाठी तरी वापरायचा असतो; तो ‘कशासाठी’ गणिताच्या, भूगोलाच्या, मराठीच्या वर्गात होता आणि कॉम्प्युटर कुलपात.

तो सगळ्या विषयांतून शिकवावा, हे धोरणांत केव्हाचं लिहिलेलं आहे. शालेय शिक्षणातल्या माहिती तंत्रज्ञानाचं राष्ट्रीय धोरण २०१२ सालचं, नवं शैक्षणिक धोरण २०२० चं. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात तर माहिती तंत्रज्ञानावर एक प्रकरणच आहे. आमच्याकडे मात्र हे धोरण वाचून झालं नाही. शिकवायला माणूस उरला नाही म्हणून झालं. चावी मुख्याध्यापिकांच्या ड्रॉवरमध्ये पडून होती, मी भित्तिपत्रक छापून काढायला ती मागितली, आणि माझ्या पाठोपाठ नववीचा अख्खा वर्ग आत आला.

भित्तिपत्रकाचं वेड या भागाला जुनं आहे. तापी ओलांडली की अमळनेर. तिथल्या प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात साने गुरुजी मुलांसाठी हातानं लिहून दैनिक काढायचे. मुलांना हे सांगितलं की ती आधी विचारतात, “रोज? हातानं?” त्याच अमळनेरला १९४५ साली वनस्पती तूप बनवणारी एक कंपनी निघाली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. तिचं नाव पुढं विप्रो झालं आणि तुपासाबणाबरोबर ती कॉम्प्युटरही बनवू लागली. ही गोष्ट त्यांना पहिलीपेक्षा जास्त आवडते. अमळनेरला कोणाच्या आजोबांकडे किती शेअर होते, याच्या कहाण्या तर घरोघरी तयारच असतात.

तर भित्तिपत्रक. मराठी टाइप करायचं होतं. जुन्या मशीनवर सगळे जुने फॉन्ट होते, ज्यांत अक्षर नव्हे तर अक्षराचा आकार टाइप करावा लागायचा. अर्धा तुकडा इथून, काना तिथून, रफार आणखी कुठून. शाळेतून पेन ड्राइव्हवर नेलेला मजकूर दुसऱ्या मशीनवर उघडला की देवनागरीच्या जागी चिन्हांचा खच. म्हणून युनिकोड (यात मजकूर कुठल्याही मशीनवर तसाच उघडतो) आणि त्यासाठीची इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी घेतली, आणि मला मराठी शिकवायचं एक यंत्र सापडलं.

इनस्क्रिप्टची रचना बघा. डाव्या हाताखाली काना, मात्रा, वेलांट्या, उकार. उजव्या हाताखाली व्यंजनं. मधल्या ओळीत डावीकडे ओकार, एकार, हलन्त (अक्षराचा पाय मोडायची खूण), ऱ्हस्व वेलांटी, ऱ्हस्व उकार. उजवीकडे प, र, क, त, च. पहिलीपासून घोकलेली बाराखडी दोन हातांत वाटून दिलेली. आता ‘विद्यार्थी’ टाइप करा. पहिल्याच अक्षराला वर्गाचा खोळंबा झाला. वहीत आपण आधी वेलांटी काढतो, मग व. इथं आधी व दाबायचा, मग वेलांटी. आणि वेलांटी पडद्यावर उडी मारून व च्या अलीकडे जाऊन बसते. “सर, हाई त् उलटं शे!” एकानं तक्रार केली. उलटं नाही बाबा, तू बोलतोस तसं आहे. तू आधी ‘व्’ म्हणतोस, मग ‘इ’. हात उलटा लिहितो.

मग द, हलन्त, य, काना. ‘द्य’ कशाकशाचं बनलंय हे ज्याला माहीत नाही, त्याच्या बोटाला ते टाइपच करता येत नाही. आजवर तो ते अक्षर चित्रासारखं गिरवत आलेला असतो. आणि मग रफार. र, हलन्त, थ, दीर्घ वेलांटी. रफार डोक्यावर दिसतो थ च्या, वहीत काढतो आपण सगळ्यात शेवटी. कीबोर्डवर तो थ च्या आधी येतो, कारण उच्चारात तो आधी आहे. ‘सूर्य’ आणि ‘क्रम’ यांतला र एकाच किल्लीतून येतो, फक्त हलन्त कधी दाबला त्यावर तो डोक्यावर चढतो की पायाशी बसतो ते ठरतं, हे कळल्यावर एका मुलीनं ट, ड, क, प सगळ्यांखाली र लावून बघितला. ‘ट्र’च्या पोटाखालचा तो कोनही र च आहे, हे तिला नववीत कळलं. फळ्यावर मी ते अनेक वर्षं सांगत होतो, आणि पोरं माना डोलावत होती.

सातपुड्याच्या ‘दऱ्या’ लिहायच्या होत्या तेव्हा पडद्यावर ‘दर्या’ आला. डोंगरातला समुद्र! त्या वेगळ्या र साठी शिफ्ट दाबून वेगळी किल्ली आहे, हे शोधण्यात एक तास गेला. शुद्धलेखनाचा असा तास मला पूर्वी कधी मिळाला नव्हता.

पुढच्या वर्षी शब्दसंग्रह केला. तीन रकाने: मराठी, अहिराणी, पावरी. मुलगी म्हणजे ‘आंडेर’ इथून सुरुवात झाली आणि घरोघरच्या आज्या कामाला लागल्या. पावरा मुलं एरवी माझ्या तासाला गप्प असतात. या कामात त्यांच्याशिवाय तिसरा रकाना भरूच शकत नव्हता, त्यामुळे पहिल्यांदा बाकीचा वर्ग त्यांना विचारत फिरत होता. त्यांच्या भाषेतला एक आवाज देवनागरीत कसा लिहावा यावर दोघांत भांडण झालं. दोघं वेगवेगळ्या पाड्यांवरचे होते, दोघंही बरोबर होते. शेवटी यादी अकारविल्हे लावायची म्हणून सॉर्टचं बटण दाबलं, तर ळ आला ल च्या पाठोपाठ आणि क्ष गेला क मध्ये. पुस्तकातल्या वर्णमालेत तर ते शेवटी असतात. का? क्ष हा क् आणि ष आहे हे मशीनला ठाऊक आहे, आपण मात्र त्याला वेगळी खुर्ची दिली. शब्दकोशात शब्द शोधायचा कंटाळा असलेल्या पोरांनी त्या दिवशी कपाटातला शब्दकोश काढून त्यात क्ष कुठं आहे ते तपासलं.

एवढ्यावर हे मराठीपुरतंच राहिलं असतं. भूगोलाच्या सरांना त्यात ओढलं ते उन्हानं.

उन्हाळा हा आमच्याकडे ऋतू नाही, अधिकारी आहे. तो आला की शाळा सकाळची होते, बाजार दुपारचा ओस पडतो, लग्नं संध्याकाळी लागतात. जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीला टेकला की बातमी होते, आणि आम्ही ती अभिमानानं पुढं पाठवतो. सरांनी मुलांना रोजचं कमाल तापमान नोंदवायला सांगितलं. व्हरांड्यात थर्मामीटर टांगला. चार दिवसांत आकडे वर्तमानपत्रापेक्षा भलतेच वर निघाले. मुलं खूश, आमचं गाव जिल्ह्यात पहिलं! मग कळलं, की दुपारी दोननंतर तिथं थेट ऊन येतं आणि मागची भिंत तव्यासारखी तापलेली असते. हवामान खातं थर्मामीटर झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर ठेवतं, ते याचसाठी. सुतारकाम करणाऱ्या एका पालकानं जुन्या खिडकीच्या झडपांची पेटी करून दिली. आकडे खाली आले, मुलांचे चेहरेही.

ते आकडे स्प्रेडशीटमध्ये गेले आणि आलेख निघाला. आलेखात मार्चपासून रेघ अशी चढली होती, की जणू पारा जमिनीवरून आभाळात गेला. गणिताच्या मॅडमनी विचारलं, “हा उभा अक्ष कुठून सुरू होतोय?” मशीननं स्वतःच्या मनानं ३४ पासून सुरू केला होता. तो शून्यापासून घेतला तर तीच रेघ जवळजवळ आडवी झाली. खरं कुठलं? दोन्ही. मग वर्तमानपत्रातले, निवडणुकीचे, क्लासेसच्या जाहिरातींतले आलेख मुलं कात्रणं करून आणू लागली आणि प्रत्येकाचा उभा अक्ष बघू लागली. सांख्यिकी हे प्रकरण पुस्तकात आहेच. पण आलेख तुम्हाला कसा फसवतो, याचा तास मॅडमनी त्या दिवशी घेतला.

खरी गंमत त्याच्याही पुढची. आमच्याकडे केळीला हवामानावर आधारित पीकविमा असतो. उन्हानं किंवा थंडीनं नुकसान किती झालं हे बघायला कोणी बांधावर येत नाही. हवामान केंद्रात तापमान सलग काही दिवस ठरावीक आकड्याच्या वर किंवा खाली राहिलं, की भरपाई लागू होते. एका मुलीच्या शेजारच्या महसूल मंडळाला विमा मिळाला होता, त्यांना नाही. “आमच्याकडेबी तेवढंच ऊन होतं,” तिचं म्हणणं. मॅडमनी तोच प्रश्न वर्गाला दिला. समजा, अट ४२ अंशांची आणि सलग पाच दिवसांची आहे. आपल्या नोंदीत ती पूर्ण होते का?

४२ च्या वरचे दिवस मोजणं सोपं होतं, मशीन ते एका सूत्रात करतं. पण सलग? मुलं बोटानं मोजू लागली. मॅडम म्हणाल्या, बोटानं नाही, मशीनला सांगा. मशीनला सांगायचं तर आधी आपल्याला कळलं पाहिजे, की आपलं बोट नेमकं काय करतं. बराच वेळ कोणाला सुचेना. मग मागच्या बाकावरचा एक पोरगा, जो गणितात दरवर्षी काठावर असतो, बोलता झाला: आज ऊन असलं तर कालच्या आकड्यात एक वाढवायचा, नसलं तर परत शून्य. झालं! तापमानाशेजारी एक रकाना घेतला. त्यात सूत्र तेवढंच: आजचं तापमान ४२ किंवा जास्त असेल, तर वरच्या चौकोनातल्या आकड्यात एक मिळव, नसेल, तर शून्य लिही. सूत्र खाली ओढलं आणि रकाना धडाधड भरत गेला: शून्य, एक, दोन, तीन, चार, शून्य, एक, दोन. चारनंतर एके दिवशी ढग आले होते, पारा ४१ वर थांबला होता. नोंदीत उन्हाचे दिवस भरपूर होते, सलग पाच कुठंच नव्हते.

मुलगी त्या शून्याकडे बघत म्हणाली, केळीला काय माहीत मधे एक दिवस ढग होते ते. सर, मॅडम, मी, आम्ही तिघांनीही उत्तर दिलं नाही. तिचा मुद्दा अभ्यासक्रमाच्या बाहेरचा होता आणि बिनतोड होता.

हे कुठल्या विषयाचं म्हणायचं? तापमान भूगोलाचं, सलगपणाची युक्ती गणिताची, सूत्र संगणकाचं, अटींचा कागद वाचून त्यातली सरकारी मराठी सोडवली ती माझ्या तासाला. त्यानंतर केळीचे भाव आले. बाजार समितीचा जाहीर भाव एका रकान्यात आणि घरी प्रत्यक्ष हातात पडलेला दुसऱ्यात. नवती (नव्या लागवडीची केळी) वेगळी, पिलबाग (जुन्या खोडाच्या पिलांची) वेगळी, वापसी (व्यापाऱ्यानं बाजूला काढलेली) वेगळी. ते आकडे मुलांनी नावाशिवाय आणले, कारण भाव हा घरातला नाजूक विषय असतो. त्या दोन रकान्यांमधलं अंतर काय आहे ते मी इथं लिहीत नाही. खान्देशातल्या वाचकाला ते ठाऊक आहे. सातबाऱ्याचंही तसंच. २०२१ पासून ई-पीक पाहणी, म्हणजे वावरात काय पेरलंय याची नोंद, मोबाईलवर आली, आणि ती बहुतेक घरांत शाळकरी पोरंच भरतात. बापाचा दोन एकर म्हणजे उताऱ्यावरचा ०.८१ हेक्टर, आणि त्यातला ८१ म्हणजे ८१ आर (आर म्हणजे हेक्टरचा शंभरावा भाग), हे ज्याला वावरात उभं राहून भरावं लागलं त्याला दशांश चिन्हाची भीती उरत नाही.

आता शिक्षक खोलीतली बाजू. “पोर्शन कोण संपवणार?” हा पहिला प्रश्न, आणि तो खोटा नाही. सलग दिवसांच्या त्या सूत्राला मॅडमचे तीन तास गेले. बोर्डाच्या परीक्षेत त्यावर एक मार्कही नाही. बोर्डाची परीक्षा कागदावर, पेनानं. दहावीच्या पत्रलेखनात आता ई-मेल पत्ता लिहावा लागतो. मुलं तो उत्तरपत्रिकेवर निळ्या शाईत, सुंदर अक्षरात लिहितात, त्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात एकही मेल पाठवलेला नसतो. दुसरी अडचण आम्ही स्वतः. शिक्षकांनी एमएस-सीआयटी केलेली असते, प्रमाणपत्र सेवापुस्तकात लागलेलं असतं. पण आमच्या मनात कॉम्प्युटर म्हणजे सरल, युडायस, शालार्थ ही माहिती भरायची सरकारी पोर्टलं आणि ग्रुपवर रात्री दहाला येणारी ‘आजच भरायची’ लिंक. ज्या यंत्रानं आपला जीव खाल्लाय ते हौसेनं वर्गात कोण नेईल?

आणि एक गोष्ट मी आग्रहानं म्हणेन, जरी ती माझ्या वर लिहिलेल्या सगळ्याच्या विरुद्ध वाटली तरी. सगळ्या शिक्षकांनी कॉम्प्युटर शिकवायचा म्हणजे कॉम्प्युटरच्या माणसाची गरज संपते, हा सोयीस्कर समज आहे. आमच्याकडे तो माणूस नव्हता म्हणून हे सुरू झालं. तो नाही म्हणूनच हे लंगडतं. प्रिंटर अडकला की भूगोल थांबतो. पासवर्ड कोणी बदलला याचा तपास मराठीचा तास खातो. लॅब सांभाळणारा, मशीन दुरुस्त करणारा, शिक्षकाशेजारी उभा राहून ‘सर, हे असं करा’ म्हणणारा पूर्ण पगारी माणूस हवाच. त्यानं सीपीयूचं पूर्ण रूप विचारू नये, एवढंच.

माऊसचंही सांगतो. दोघांना एक मशीन दिलं की माऊस मुलाच्या हातात जातो आणि वही मुलीच्या. आपोआप. ती आकडे वाचून दाखवते, तो क्लिक करतो, शेवटी तो शिकतो. आम्ही नियम केला, की ज्याच्या हातात माऊस त्यानं बोलायचं नाही. सांगेल ती दुसरी व्यक्ती. पहिले काही तास पोरांचे हात शिवशिवत होते. आता निदान भांडण बरोबरीचं होतं.

अलीकडची पिढी तर वेगळंच कोडं आहे. मोबाईलवर रील कापून, गाणं लावून दोन मिनिटांत टाकणाऱ्या पोराला विचारलं, “फाईल कुठं ठेवलीस?” तर तो गोंधळतो. फोल्डर म्हणजे काय हेच त्याला माहीत नाही, कारण मोबाईलनं त्याला कधी विचारलंच नाही. टाइप करण्याऐवजी ती फोनशी बोलतात. बोललेली प्रमाण मराठी फोनला कळते. अहिराणी बोललं की तो भलतंच लिहितो, आणि पावरीत बोललं तर नुसता फिरत राहतो. म्हणून ती फोनसाठी जिभेला वळण देऊन बोलतात. मला हे फारसं आवडत नाही, पण शुद्ध बोलण्यासाठी मी जन्मभर ओरडलो ते फोननं न ओरडता करून घेतलं, हेही खरं.

गेल्या पावसाळ्यात ‘माझ्या गावातील पावसाळा’ हा निबंध दिला. एकसारख्या सुरुवातीचे पाच-सहा निबंध आले तेव्हा लक्षात आलं, की लेखक एकच आहे आणि तो आमच्या शाळेत नाही. रागवण्याऐवजी त्यातला एक निबंध लॅबमध्ये सगळ्या पडद्यांवर उघडला आणि म्हटलं, हा पाहुणा आपल्या गावावर लिहितोय, तपासा. केलेला प्रत्येक बदल दिसत राहील अशी सोय वर्डमध्ये असते, ती चालू करून दिली. खोडलेलं लाल रेघेखाली राहतं, नवं लिहिलेलं वेगळ्या रंगात दिसतं.

पाहुण्यानं कौलारू घरं लिहिली होती, हिरवीगार भातशेती लिहिली होती. पोरं तुटून पडली. कौलं खोडून धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर आलं, आणि धाबं गळायला लागल्यावर आई कुठं कुठं पातेली मांडते तेही. भात खोडून कपाशी. ‘पावसाच्या आगमनाने बळीराजा सुखावतो’ या वाक्याखाली एकानं लिहिलं, की जूनमध्ये आम्ही पावसाआधीच कोरड्या मातीत धूळपेरणी करतो, नंतर पाऊस दडी मारतो, मग दुसऱ्यांदा बियाणं आणावं लागतं आणि तेव्हा घरात कोणी कोणाशी बोलत नाही. पावरा मुलानं शेवटी सातपुड्यावरून येणाऱ्या नाल्याचा अख्खा परिच्छेद घातला; त्या नाल्याला पाणी आलं की त्याचा घरी जायचा रस्ता बंद होतो. ‘निसर्गाचे विलोभनीय रूप’ हे शब्द कोणीच खोडले नाहीत. ते त्यांना आवडले होते.

दुरुस्तीला मी दहापैकी आठ दिले. मूळ निबंधाला चार.

“म्हंजे मशीनबी पास शे ना, सर?” एकानं हिशोब केला. पस्तीस टक्क्यांना पास, चाळीस म्हणजे पास. शे, म्हटलं. पण काठावर.